हाडं आमची, कातडं तुमचं

मे महिन्यात लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीनं आठवीची परीक्षा दिलेली, गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आलेली, आणि दुसऱ्या शहरातल्या एका निवासी अकादमीत तिची निवड झालेली. घरात पेढे वाटून झाले होते. बहिणीनं फॉर्मच्या दोन पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. फी, गणवेशाचं माप, बुटांचा नंबर, डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : सरावात किंवा प्रवासात काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही, हे मला मान्य आहे. खाली पालकाची सही.

"दादा, तू तालमीत होतास. काय विचारायचं असतंय ते तूच विचार बघ."

मी "हो, विचारतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, काय विचारायचं असतं हे मलाही माहीत नाही. माझ्या वेळी कुणी काहीच विचारलं नव्हतं.

माझी वेळ म्हणजे १९९६. मी बारा वर्षांचा. गाव नांदेड जिल्ह्यातलं, कंधारच्या बाजूचं. वडिलांनी मला मोटरसायलवर बसवून तालुक्याच्या तालमीत नेलं, वस्तादांच्या पायावर डोकं ठेवायला लावलं आणि म्हणाले, "हाडं आमची, कातडं तुमचं. पोरगं तुमच्या हवाली." आमच्याकडे शाळेत घालतानाही हेच म्हणत. पोराला मारा, सोला, फक्त हाडं शाबूत परत द्या, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या प्रवेशाचा सगळा करार तो होता. फॉर्म नव्हता, त्यामुळे शेवटची ओळही नव्हती.

तालीम म्हणजे पत्र्याची लांबट खोली. मध्ये हौदा, त्यात हळद, कापूर, लिंबू, तेल घालून मऊ केलेली लाल माती. कोनाड्यात मारुती. भिंतीवर खाशाबा जाधव आणि त्यांच्या शेजारी आमचा माणूस, हरिश्चंद्र बिराजदार. 'आमचा' अशासाठी की ते लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, पुढे रुस्तुम-ए-हिंद, आणि बेळगावच्या मैदानात सतपालला हरवलेला पैलवान. त्या फोटोखाली झोपणाऱ्या प्रत्येक पोराला वाटायचं, आपणही असेच कोल्हापूरला जाणार.

हे कोल्हापूरला जाणं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ अशा तालमी वाढल्या. त्याच काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे आखाडा काढायचा तर सरकारची परवानगी लागे; पोरं दंड-बैठका मारायला जमतात म्हणजे काहीतरी राजकारण शिजतंय असा संशय असे. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात आखाड्यांवरची बंधनं ही एक तक्रार होती. म्हणजे तालमीत काय चालतं याची चौकशी आमच्याकडे सरकारनं फार बारकाईनं केली, पण ती राज्याच्या सुरक्षेसाठी. आत माती अंगावर घेणाऱ्या बारा वर्षांच्या पोराची चौकशी त्या सरकारनंही केली नाही आणि १९४८ नंतरच्या सरकारांनीही नाही.

त्यामुळे लातूर-नांदेड-बीडकडच्या पोराला पैलवान व्हायचं तर घर सोडावं लागे. बिराजदार गंगावेस तालमीत घडले. पुढे ते स्वतः पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात त्यांच्याकडे आला. २०११ मध्ये बिराजदार गेले. राहुलला पुढे घडवलं काका पवारांनी, तेही लातूर जिल्ह्याचेच. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राहुलनं ५७ किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं. एका गरीब मुलुखातल्या पोरांना त्याच मुलुखातून आधी गेलेल्या माणसांनी सांभाळलं, त्याची ही साखळी आहे. तिचं मोल मी कमी करणार नाही. वस्ताद स्वतःच्या खिशातून पोरांचा खुराक भागवतात, आजारपणात उशाशी बसतात, घरच्या भांडणातही पोराची बाजू घेतात. माझे वस्तादही असेच होते. थंडाई वाटायला बसले की सगळ्यात बारक्या पोराला पहिला पेला द्यायचे.

पण ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी होती. तो चांगला असला तर पोरगं घडलं. तो चांगला नसला, किंवा चांगला असून डोळे मिटून बसला, तर पोरानं जायचं कुठे, याचं उत्तर तालमीत नव्हतं.

तालमीत नियम नव्हते असं मात्र समजू नका. शरीराबद्दल इतके कडक नियम मी पुन्हा कुठेच पाहिले नाहीत. पहाटे चारला उठायचं. माती पाया पडून अंगाला लावायची. पोरींकडे बघायचं नाही, सिनेमा बघायचा नाही. 'लंगोटाचा सच्चा' ही पैलवानाला मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी. आता विचार केला तर दिसतं की हे सगळे नियम पोरावर होते. त्यानं काय करू नये हे ठरलेलं. त्याच्याशी कुणी काय करू नये हे कुठेच ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी मेहनत झाली की बारकी पोरं थोरल्या पैलवानांचं अंग रगडायची. ती सेवा होती आणि बहुतेक वेळा ती खरोखर फक्त सेवाच असायची. पण समजा एखाद्या दिवशी ती तेवढीच राहिली नाही, तर 'नको' म्हणायला लागणारा शब्द आमच्याकडे नव्हता. सेवेला कोण नाही म्हणतं?

आमच्यात एक जण होता. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, माझ्याच वजनगटातला, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्याची पकड बसली की सुटायची नाही. १९९७ च्या हिवाळ्यात विभागीय स्पर्धेला दहा-बारा पोरं गेलो. वस्तादांना ताप होता, म्हणून सोबत दुसरा एक माणूस आला, स्पर्धांच्या कामात नेहमी पुढे असणारा. एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून मुक्काम. परत आल्यावर आठवड्याभरात त्यानं तालीम सोडली. वस्ताद म्हणाले, "पोरगं कच्चं निघालं." आम्हीही तेच म्हणालो. पुढच्या वर्षी त्याच्या वजनगटात मी उतरलो आणि जिल्ह्यात दुसरा आलो. तो बिल्ला अजून आईच्या कपाटात आहे.

खरं काय झालं ते मला बावीस वर्षांनी कळलं, माळेगावच्या यात्रेत. खंडोबाच्या त्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. आधी बारकी पोरं रेवड्यांवर खेळतात, मग नारळावर, मग पैशांवर. तो कडेला उभा होता, सोबत दहा वर्षांचा मुलगा. मी म्हटलं, उतरव की ह्याला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग फडाकडे बघतच म्हणाला, "त्या रात्री मी सकाळपर्यंत संडासात कडी लावून बसलो होतो." एवढंच. मीही पुढे विचारलं नाही. हे लिहू का, असं यंदा फोनवर विचारलं तर म्हणाला, लिही, फक्त गाव लिहू नको.

त्यानं तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? १९९७ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासाठी वेगळा कायदाच नव्हता. मुलगा असेल तर जवळपास एकच कलम, ३७७, आणि त्याचा अर्थ घेऊन पोलीस ठाण्यात जाईल असा बाप आमच्या तालुक्यात मला तरी माहीत नाही. पुढे २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांत, महाराष्ट्रासह, १२,४४७ मुलांशी बोलून एक पाहणी केली. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं आणि त्यात निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. 'पोरगं आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य त्या आकड्यानं मोडायला हवं होतं. आमच्याकडे ते अजून धडधाकट आहे.

मुलगी असती आणि बोलली असती, तर काय होतं, त्याचं उत्तर देशाला त्याआधीच मिळालेलं होतं. १२ ऑगस्ट १९९० रोजी पंचकुल्यात रुचिका गिर्होत्रा या चौदा वर्षांच्या टेनिस खेळणाऱ्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा शंभू प्रताप सिंह राठोड, हरियाणाच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक. रुचिका बोलली. तिच्या मैत्रिणीनं साक्ष दिली. पोलिसांच्याच चौकशीत गुन्हा नोंदवा अशी शिफारस झाली. मग काय झालं? रुचिकाला शाळेतून काढलं. तिच्या भावावर चोरीचे गुन्हे लावून त्याला अटक झाली. डिसेंबर १९९३ मध्ये तिनं विष घेतलं आणि ती गेली. गुन्हा नोंदला गेला १९९९ च्या अखेरीस, शिक्षा लागली डिसेंबर २००९ मध्ये : सहा महिने आणि एक हजार रुपये दंड. ती पुढे दीड वर्षाची झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण भोगलेली कैद पुरेशी मानली. दरम्यान तो माणूस पोलीस महासंचालक होऊन निवृत्त झाला होता.

खेळाची संघटना, तिच्या डोक्यावर बसलेला बडा माणूस आणि पुढची निवड त्याच्या हातात असलेली अल्पवयीन खेळाडू. ही मांडणी काही एकट्या भारताची नाही. ब्रिटनमध्ये पॉल हिक्सन या ऑलिंपिक जलतरण प्रशिक्षकाला १९९५ मध्ये सतरा वर्षांची कैद झाली. तोवर तिथेही 'आमच्या खेळात असलं नसतं' असंच म्हणत. सीलिया ब्रॅकनरिज नावाची प्राध्यापिका आधीपासून सांगत होती की असतं, आणि खेळातली माणसं तिच्यावर चिडत होती. २००१ मध्ये तिथे खेळातल्या मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. अमेरिकेत तर लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्सचा डॉक्टर 'उपचार' म्हणून वर्षानुवर्षं मुलींचं शोषण करत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात उभं राहून सांगितलं. त्यातल्या काहींचे आईवडील त्याच खोलीत हजर असताना ते घडलं होतं. मला हे वाचताना मालीश आठवली. उपचार, सेवा, सराव : हात अंगावर ठेवायला खेळात कारण तयारच असतं.

आपल्याकडे कायदे मात्र आले, आणि कागदावर चांगले आले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो लागू झाला. तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. ज्याच्यावर मूल विश्वासानं सोपवलंय त्यानंच अत्याचार केला तर गुन्हा अधिक गंभीर धरतो. आणि महत्त्वाचं, माहिती असून न कळवणं हाही गुन्हा : साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा. 'पोरगं कच्चं निघालं' म्हणून गप्प बसायची सोय कायद्यानं तरी ठेवलेली नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यातही एक गंमत आहे, जी फार कमी खेळाडूंना माहीत असते. त्यातल्या 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे, निवासी असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बाया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा.

आता प्रत्यक्ष बघा. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांमध्ये २०१० ते २०१९ या दहा वर्षांत लैंगिक छळाच्या किमान ४५ तक्रारी झाल्याचं माहिती अधिकारातून २०२० मध्ये इंडियन एक्स्प्रेसनं छापलं. त्यातल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध. १८ जानेवारी २०२३ ला विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतर-मंतरवर बसले तेव्हा कळलं की कुस्ती महासंघाच्या समितीत पाच जणांत एकच बाई, आणि ती बाई म्हणजे स्वतः साक्षी मलिक. त्याच वर्षी ३० राष्ट्रीय महासंघांपैकी १६ कडे कायद्याप्रमाणे समिती नसल्याचं छापून आलं आणि मानवाधिकार आयोगानं नोटिसा काढल्या. ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर गुन्हा नोंदवायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्यांनी आरोप नाकारले. अल्पवयीन तक्रारदाराचं प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयानं मे २०२५ मध्ये मान्य केला, इतर सहा जणींपैकी पाच जणींच्या तक्रारींवर २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले. आमच्या जुन्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवसांत दोनच गोष्टी येत होत्या : 'पोरी राजकारण करतेत' आणि कुस्त्यांचे व्हिडिओ. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय संघटनांना आता महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित खेळाचं धोरण ठेवावं लागेल. छान. पण कंधारच्या पत्र्याच्या तालमीपर्यंत ते कोण आणणार? महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती सांगितलेली आहे. २०२४ मध्ये बदलापूर घडल्यावर शाळांना पुन्हा सूचना गेल्या, कॅमेरे आले. तालीम, क्लब, खासगी अकादमी शाळेत मोडत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर तेच मूल, त्याच गावात, कुठल्याच समितीच्या यादीत नसतं.

आणि मूलच कशाला. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव तुम्ही पाहिली असेल. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत तिरंगा तिच्या हातात होता. ती एफ ३४ गटात गोळा फेकते. या गटात खेळाडू बसून फेकतात : जमिनीला पक्की बांधलेली लोखंडी चौकट, तीवर बसायचं, पट्ट्यांनी मांड्या-कंबर आवळून घ्यायची. व्हीलचेअरवरून चौकटीवर, चौकटीवरून परत. अनेक खेळाडूंना हे दुसऱ्याच्या हातांशिवाय करता येत नाही. म्हणजे अंगाला हात लागणं हा त्या खेळाचाच भाग आहे. अशा वेळी कुणी धरायचं, कसं धरायचं, आधी विचारायचं की नाही, हे तिशीतल्या बाईलाही ठरवता आलं पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या सातव्या कलमात छळ आणि शोषणापासून संरक्षण लिहिलंय, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पण ज्याच्या मदतीशिवाय मैदानावर पोचता येत नाही त्याचीच तक्रार करायची, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर नेणार कोण? माझ्या मित्राच्या अडचणीसारखीच ही अडचण. तो संडासात बसला, कारण गावी परत न्यायची गाडी त्याच माणसाच्या ताब्यात होती.

तर मी अकादमीला फोन केला. वहीत लिहून घेतलं होतं. वसतिगृहात राहणारी बाई कोण, तिचं नाव काय. बाहेरच्या स्पर्धेला मुलींसोबत किती मोठी माणसं असतात, त्यात बाई असते का. मालीश, फिजिओ कोण करतं, एकट्यानं खोलीत करतं का. प्रशिक्षक मुलींना रात्री खासगी मेसेज करू शकतो का. तक्रार असली तर प्रशिक्षक सोडून कुणाकडे जायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लावलाय का.

पलीकडच्या सरांचा आवाज आधी गोड होता, तिसऱ्या प्रश्नाला थंड झाला. "आजवर एकाही पालकानं असं विचारलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, सर, मीही पालक नाही, मामा आहे. ते हसले नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांच्याच कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. वसतिगृहाच्या त्याच प्रमुख. दौऱ्यावर महिला प्रशिक्षक असते, म्हणाल्या. तक्रार समिती आहे का, यावर थांबल्या आणि "विचारून सांगते" म्हणाल्या. मला त्यांचं ते थांबणं सरांच्या गोड आवाजापेक्षा बरं वाटलं.

भाची मात्र वैतागली. "मामा, तुमी लई विचारायलाव. मला घेणारच नाहीत ते." तिच्या वयाला तिचं बरोबर आहे. मराठवाड्यात नववी-दहावीतल्या पोरीच्या दारात स्थळं येऊ लागतात. मैदान हीच तिची बाहेर पडायची वाट आहे आणि मामा त्या वाटेवर काटे टाकतोय असं तिला वाटणार. मी तिला माझ्या मित्राचं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, तुला काही विचारायचंय का, ते सांग, मी विचारतो.

तिनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "रात्री फोन जवळ ठेवू देतेत का?"

मी विचारलं. रात्री नऊला फोन जमा करावे लागतात, शिस्तीसाठी. घरी बोलायचं असेल तर? ऑफिसच्या फोनवरून, सरांच्या परवानगीनं. हे मी बहिणीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. बहिणीनं शेवटच्या ओळीखाली अजून सही केलेली नाही. आधी त्या बाईंचा फोन येऊ दे, म्हणते.